डाव्या दाराशी बसून राऊपर्यंत

इंदूरहून परत आल्यापासून चाळीसगावच्या आमच्या आळीत मला एकच विचारतात: सराफ्यात काय खाल्लं, राजवाडा पाहिला का? सराफ्यात मी गेले नाही. राजवाडा रिक्षातून जाताना दिसला, तेवढाच. आठ दिवसांत मी नीट निरखून पाहिलं ते एका जुन्या मोटारीचं दार. त्याबद्दल लिहिते. खाण्याचंही मधे मधे येईल.

माझा धाकटा भाऊ वसंता विसाव्या वर्षी इंदूरच्या एका कापड मिलमध्ये फिटर म्हणून लागला आणि तिथलाच झाला. बायको कुसुमही तिथलीच, संस्थानच्या काळात कारकुनीला आलेल्या मराठी घरातली. त्यांना दोन मुली, सुमन आणि लता. मिल बंद पडली. पुढे वैशाखात सुमन गेली. आणि मार्गशीर्षात लताचं लग्न ठरलं, कारण घरात कोणी गेलं की कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. ही रीत आमच्याकडेही आहे. तिला मी आजवर नावं ठेवली नव्हती. या वेळी ठेवली. एका पोरीचं रडून होत नाही तोवर दुसरीच्या लग्नाची बुंदी पाडायला बसायचं, हे काही बरोबर नाही.

वैशाखात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यामुळे जाता आलं नाही. वसंताचं पत्र आलं होतं. ‘गाडीला किरकोळ धक्का लागला आणि सुमन गेली.’ मी ते पत्र चार वेळा वाचलं. किरकोळ धक्का आणि सुमन गेली, ही दोन वाक्यं एकमेकांना लागेनात. लग्नाला तर जायचंच होतं, पण हे काय झालं तेही बघायचं होतं.

कालाकुंड

खांडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या लाइनीवर बसावं लागतं. डबा अरुंद, बाकं लाकडी. नर्मदेच्या पुलावर सगळे खिडकीकडे धावले, हात जोडले. मी बसल्या जागेवरून जोडले, कारण तेवढ्यात माझ्या पिशवीतली लोणच्याची बरणी फुटली होती आणि लग्नात नेसायच्या साडीवर तेल उतरत होतं. समोरच्या माणसानं आपलं वर्तमानपत्र दिलं. साडी वाचली नाही. पुढे लग्नात मी काठावर डाग असलेलीच नेसले. कोणी काही म्हणालं नाही.

कालाकुंडला घाट चढायला गाडीला मागून आणखी एक इंजिन लावतात. तेवढ्या वेळात फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद विकतात. वर्तमानपत्र देणाऱ्या त्या माणसानं एक पान मलाही आणून दिलं. चांगला रवाळ होता, गोड जरा जास्त. माणूस इंदूरचा, पूर्वी मिलमध्ये विणकर, आता बऱ्हाणपूरहून प्लास्टिकच्या बादल्या नेऊन विकतो. मी भावाचं नाव सांगितलं.

“वसंत फिटर? वो काली मोटरवाले? अरे माताजी, उनकी तो बिटिया...” मग हलक्या आवाजात म्हणाला, “गाडी को कुछ नहीं हुआ था. मैंने खुद देखी. लोहा है, लोहा. आजकल की डिब्बी होती तो बाप भी जाता.”

गाडीला काही झालं नाही, हे तो मला धीर द्यायला सांगत होता. पुढच्या आठ दिवसांत हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की मोजायचं सोडून दिलं.

छत्रीबाग

वसंताचं घर छत्रीबागेत, खान नदीपासून जवळ. नदी म्हणायची पद्धत आहे म्हणून नदी, नाकाला पदर लावूनच ओलांडावी लागते. गल्ल्या अरुंद, घरं खेटून. माणसं मात्र मोकळी. शेजारचा दूधवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, “वसंत भिया की जीजी आई हैं, पोहे खिलाओ.” भिया म्हणजे भाऊ, जीजी म्हणजे मोठी बहीण. इथे पोहे वाफेवर गरम ठेवतात, साखर घालतात, वर शेव आणि बडीशेप. आमच्याकडे कोणी पोह्यात इतकी साखर घातली तर सासू विचारेल, खीर केली का? पण दोन दिवसांत सवय झाली. तळलेला गराडू मात्र मला पहिल्या घासातच आवडला. थंडीत मिळतो, सुरणासारखा कंद, वर आंबट तिखट मसाला.

त्या गल्लीत एक गोष्ट आमच्याकडे नाही अशी पाहिली. घराघरात मिलचं सामान. मिल बंद झाल्यावर यंत्रं भंगारात वजनावर गेली. ज्या माणसांनी ती वर्षानुवर्षं चालवली, त्यांनी त्यातलं जे हाती लागलं ते घरी आणलं. कपडे वाळत घालायला लोखंडी दांडा, तो मागाचा. पडद्याला खुंटी, ती सुताची कांडी. तुळशीभोवती कुंपण, ते दात्यांच्या चाकांचं. कुसुमची पोळपाटाखालची बैठकसुद्धा मिलचीच. ही माणसं एका गोष्टीवर विश्वास ठेवतात, लोखंडावर. नोकरी गेली, भोंगा गेला, लोखंड तेवढं राहिलं.

सुमनचा फोटो आतल्या खोलीत ठेवला होता. बाहेर लग्नाचं सामान होतं म्हणून. कुसुम मला तिथे घेऊन गेली आणि दार लोटून बसली.

“अक्का, बाहेर रडता नाही येत. लग्नाचं घर आहे ना.”

मग तिनं सांगितलं. ती मोटार मिलच्या मालकांची, स्वातंत्र्याआधीची, विलायती. मिलमध्ये असताना वसंताच ती सांभाळायचा. मिल गेली तेव्हा एका मंडपवाल्यानं, मांगीलालजींनी, मोटार घेतली आणि वसंतालाही ठेवून घेतलं. आता ती लग्नात भाड्यानं देतात. ज्यांच्याकडे नवा पैसा आलाय त्यांना नवरदेव जुन्या मोटारीतून हवा असतो. वैशाखात वसंतानं एक जोडपं राऊला पोहोचवलं. सुमन तिथे शाळेत शिकवायची. परत येताना वसंतानं तिला मागे बसवलं. राऊ सोडल्यावर डाव्या हाताला एक गल्ली आहे, तिच्यातून एक मेटाडोर बाहेर आली आणि मागच्या डाव्या दारावर आदळली.

“जोरात?”

“नाही ना अक्का! तोच तर... मेटाडोरवालासुद्धा म्हणे, बाई, मी तर ब्रेक मारला होता. सुमन स्वतः उतरली. पाणी पिली. बाबांना म्हणाली, काही नाही झालं, दार तेवढं दबलं. घरी आली, चहा मागितला. चहा होईपर्यंत पांढरी पडली.” कुसुम भिंतीकडे बघून बोलत होती. “डॉक्टर म्हणाले, बरगड्या आत घुसल्या. पोटात रक्त जमलं. संध्याकाळी गेली.”

“आणि मोटार?”

“दिवेसुद्धा नाही फुटले.”

मग तिनं मला खरी गोष्ट सांगितली. लता लग्नाच्या दिवशी घरून राऊच्या कार्यालयात जायची होती, ती याच मोटारीतून. पोरी लहान असताना वसंता मोटार पुसायचा तेव्हा त्या मागे बसून खेळायच्या, आणि तो म्हणायचा, तुम्हाला लग्नाला यातूनच नेईन. सुमनचं राहिलं. लताचं तो करणार होता.

“तू नाही म्हणालीस का?”

“मी बोलली. त्यांनी जेवण सोडलं दोन दिवस.”

मिलच्या मागे

दुसऱ्या दिवशी मी वसंताला म्हटलं, मला मोटार दाखव. मिलच्या मागच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड आहे. वर चिमणी दिसते. तिच्यातून धूर निघत नाही, त्यामुळे ती आता फार उंच वाटते. मोटार काळी, लांब, चेहरा दिसावा इतकी चकचकीत. डावं दार कुठून दबलं होतं ते बोट फिरवूनही मला सापडलं नाही. ठोकून, भरून, रंगवून त्यानं ते साफ केलं होतं. गिलावा केलेल्या भिंतीसारखं.

“वसंता, आतून दाखव.”

“आत काय बघणार अक्का? मजबूत आहे. जुना माल आहे, आजच्यासारखा फालतू नाही.”

“दाखव म्हणते ना.”

त्यानं आतलं कापडी अस्तर काढलं. मी चष्मा लावून पाहिलं. बाहेर पातळ पत्रा, आमच्या डब्याच्या झाकणाहून थोडा जाड. आत लाकडी चौकट. मधे पोकळ. काच खाली उतरते ती जागा, बाकी काहीच नाही. पुढे ते केवढं इंजिन, जाड बंपर, खाली लोखंडी सांगाडा. समोरून कोणी आलं तर ते सगळं मधे आहे. बाजूनं आलं तर बसलेल्या माणसाची बरगडी आणि समोरची गाडी यांत एक झाकण. किरकोळ धक्क्यानं माणूस कसं मरतं, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्यासाठी जास्त शिकावं लागत नाही.

त्या पोकळीत आडवा एक दांडा होता. मनगटाएवढा जाड, पोलादी, नवाच बसवलेला.

“हा काय?”

वसंताचा चेहरा उजळला. सबंध आठ दिवसांत तेवढाच. “हा मी टाकलाय. आपल्या मिलचा शाफ्ट. आपले होणारे जावई सांगत होते, बाहेरच्या देशात आता नव्या गाड्यांच्या दारात पाइप टाकतात, बाजूच्या टकरीसाठी. मी म्हटलं पाइप काय, मी शाफ्ट टाकतो. ह्याच्यावर चाळीस माग फिरत होते अक्का. आता येऊ दे कोणाला.”

मी दांड्याची दोन्ही टोकं बघितली. ती दाराच्याच चौकटीला जोडलेली होती.

“वसंता, आपल्या घरी दाराला अडसर होता. आठवतो?”

“हो.”

“तो कशात जायचा?”

“भिंतीत. दोन्हीकडे भोकं होती.”

“दारातच ठेवला असता तर?”

त्यानं दांड्याच्या टोकावरून बोट फिरवलं.

“दारानं दांडा धरलाय, दांड्यानं काय धरलंय? बाहेरून धक्का बसला तर दार आत येणार, आणि आता दाराबरोबर दांडा पण येणार. पोरीच्या अंगावर.”

त्यानं दार लावलं. परत उघडलं. खटक्याची जीभ ज्या खांबात जाते त्या खांबावर अंगठा दाबला. खांबही लाकडी, पत्र्यानं मढवलेला. अंगठा थोडा आत गेला. तीस वर्षं ज्यानं शाफ्ट बसवले, शाफ्ट दोन्ही टोकांना पक्का धरलेला नसेल तर काय होतं हे ज्याला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, त्यानं ही चूक केली होती. मिलमध्ये कोणी केली असती तर यानंच त्याच्यावर आरडाओरडा केला असता.

“खांबाला जोड की,” मी म्हटलं.

“खांब सडलाय.” तो एवढंच म्हणाला.

तेवढ्यात मांगीलालजी आले. जाड, हसरे गृहस्थ, हातात कचोरीचा पुडा. “जीजी, चिंता मत करो. हाथी है हाथी. अगल्या आठवड्यात दो बुकिंग और आहेत.” त्यांना मराठी अर्धं येतं. मी म्हटलं, हत्तीच्या कुशीत हाडं असतात, याच्या कुशीत काही नाही, तुम्ही स्वतः बघा. ते हसले. बघितलं नाही. कचोरी दिली. ती मात्र उत्तम होती, हे सांगायला पाहिजे.

केळवण

लग्नाआधी तीन दिवस मुलाकडच्यांना जेवायला बोलावलं होतं. दाल आणि बाफले. कणकेचे गोळे उकडून, भाजून तुपात बुडवतात. दोन खाल्ले की दुपार गेली. नवरा मुलगा संजय, पिथमपूरला कारखान्यात लागलेला, शांत स्वभावाचा. हात धुवायला गेला तेव्हा मी त्याला गाठलं.

“दारातल्या पाइपचं तू सांगितलंस यांना?”

“हो आत्या. टेक्निकल गोष्ट आहे. पाइप धक्का घेतो आणि दोन्हीकडच्या पिलरला देतो. सगळ्या बॉडीला वाटून.”

“आणि पिलर लाकडाचा असेल तर?”

तो टॉवेल हातात धरून उभा राहिला. “तर काही अर्थ नाही.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगायला गेलो होतो. ते वेल्डिंग करत होते. म्हणाले, बघा, सुमनच्या दारात टाकतोय. मी काय बोलणार?”

लताला तर सगळं ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, तू बाबांना सांग, ‘मी रिक्षानं जाते.’ ती मेंदीचे हात फुंकत बसली होती.

“आत्या, मी नाही बसली तर बाबा नक्की खचतील. बसली तर मला कदाचित काही होईल. नक्की आणि कदाचित, दोन्हींत कदाचित बरा ना?”

“सुमनला पण कदाचितच होतं.”

ती परत मेंदी फुंकायला लागली. ऐकलं नाही. आमच्या घरात ऐकणारं कोणी नाही, मीसुद्धा नाही.

राऊचा रस्ता

लग्नाच्या सकाळी मोटार गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत येण्याएवढी गल्ली रुंद नव्हती. झेंडूच्या माळा, समोर दोन झेंडे. बाया लताला घेऊन निघाल्या. मागे लता, कुसुम आणि लताची एक मैत्रीण बसायची होती. मी आधी जाऊन मागचं डावं दार उघडलं, लताला मधे सरकवलं आणि स्वतः दाराशी बसले. मैत्रिणीला सांगितलं, तू टेम्पोतून ये.

“अक्का, तू पुढे बस ना, आरामात,” वसंता म्हणाला.

“मी इथेच बसते.”

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. कुसुम पलीकडून चढली आणि उजव्या दाराशी बसली.

माझं वय बहात्तर. अंगानं मी रुंद आहे. दाराला अडसर नव्हता, मी होते. बसल्यावर दांड्याची जागा गुडघ्याच्या वर, पोटाशी येते, ते मी हातानं चाचपून पाहिलं. अस्तराखाली तो गार लागत होता.

गाव संपेपर्यंत बरं होतं. गर्दीत मोटार पायी चालल्यासारखी हळू चालली होती, लोक थांबून बघत होते, एक जण ओरडला, “क्या गाडी है भिया!” वसंतानं हॉर्न वाजवला. पुढे रस्ता मोकळा झाला. ट्रक, टेम्पो, मधून मधून त्या नव्या छोट्या गाड्या, भरधाव, आवाज न करता अगदी जवळून निघून जायच्या. प्रत्येक वेळी मी लताचा हात दाबत होते. ती म्हणाली, “आत्या, मेंदी पुसतेय.” मी हात सोडला नाही.

माझं सगळं लक्ष डावीकडे. डावीकडची प्रत्येक गल्ली, प्रत्येक फाटा. राऊ जवळ आलं तसा वसंता हळू झाला. मानेच्या शिरा दिसत होत्या त्याच्या. मला वाटलं, आता ती गल्ली येणार. मी दाराला खांदा लावून बाहेर बघत राहिले. डावीकडे एक पंक्चरवाला, उसाचं गुऱ्हाळ, शेत. गल्ली येईना.

तेवढ्यात लता म्हणाली, “आई.”

मी वळून पाहिलं. गल्ली उजवीकडे होती.

सुमन राऊहून इंदूरला येत होती, म्हणून तिच्या ती डाव्या हाताला. आम्ही इंदूरहून राऊला जात होतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. इतके दिवस मी एका दाराकडे बघत बसले आणि दुसऱ्या दाराशी कुसुम बसली आहे हे विसरले. उजव्या दारात तर तो दांडाही नव्हता. नुसती पोकळी.

गल्लीच्या तोंडाशी एक मेटाडोर उभी होती. इंजिन चालू, नाक रस्त्यावर आलेलं. कुसुम काचेला कपाळ टेकवून तिच्याकडे बघत होती. ती घाबरलेली नव्हती. ती नुसती बघत होती, ज्या जागेवर तिची पोर बसली होती तिथून दिसलं असेल ते बघावं तशी. मी लताच्या मांडीवरून हात पुढे करून कुसुमचा दंड धरला आणि आत ओढला. तेवढंच जमलं.

मेटाडोर थांबून राहिली. आम्ही निघून गेलो.

कार्यालयाच्या दारात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मांगीलालजी पुढे होते. “देखा जीजी? हाथी है हाथी!” लोक मोटारीवर हात फिरवत होते. काहीच झालं नव्हतं, आणि त्यामुळे सगळ्यांची खात्री पटली होती. लग्न चांगलं लागलं. जेवणात श्रीखंड होतं आणि बाफलेही, दोन्हीकडचा मान राखून. कुसुम अक्षता टाकताना रडली. लग्नात आईनं रडायला हरकत नसते. तिनं ती संधी घेतली आणि बराच वेळ रडली.

निघायच्या दिवशी मी वसंताला स्टेशनवर म्हटलं, ती गाडी सोड. तो म्हणाला, सोडून काय करू? मी पिशवी उचलून डब्यात चढले.

परत येऊन महिना झाल्यावर त्याचं पत्र आलं. लता बरी आहे. कुसुमचा रक्तदाब वाढलाय. मग लिहिलं होतं, ‘अक्का, तुझं ऐकलं. शाफ्ट काढून टाकला. मागच्या सीटचा डावा भाग पण काढला, तिथे आता कोणी बसत नाही, फुलांची परडी ठेवतो. नवरा-नवरीला उजवीकडे सरकून बसा म्हणून सांगतो.’

मी त्याच दिवशी कार्ड टाकलं. त्यावर एकच ओळ लिहिली: उजवं दार उघडून बघ.

अजून उत्तर नाही.